स्वामींचा लेखनिक

ग्रंथकर्त्याची कीर्ति दिगंतात पसरते. परंतु त्याचा शब्द ज्याने कागदावर उतरविला, त्या लेखनिकाचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. या बाबतीत मराठी परंपरा पुष्कळच उदार आहे असे म्हणावे लागते. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्यांत ग्रंथाच्या शकाबरोबरच लेखक सच्चिदानंदबाबा यांचा आदरपूर्वक उल्लेख आहे. तुकोबांचे अभंग म्हटले की चाकणच्या संताजी तेल्याची वही आठवते, आणि शिवथरच्या घळीत समर्थ सांगत आहेत व कल्याणस्वामी खाली मान घालून लिहीत आहेत, हे दासबोधाचे चित्र तर घरोघर पोहोचलेले आहे. गुरूच्या मुखातून निघालेला शब्द वाऱ्यावर जाऊ नये म्हणून स्वतःचा हात झिजविणे ही सेवाच आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका भारतीय संन्याशाला असाच एक लेखनिक लाभला. तो कल्याणासारखा मठात वाढलेला नव्हता, की संताजीसारखा पंचक्रोशीतला नव्हता. तो इंग्रज होता, धंदेवाईक लघुलेखक होता, आणि वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून ठराविक मेहनतान्यावर कामाला आला होता. त्याचे नाव जोसाया जॉन गुडविन. स्वामी विवेकानंदांची व्याख्याने आज ग्रंथरूपाने वाचणाऱ्या लक्षावधी वाचकांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते, की त्यांतील फार मोठा भाग या तरुणाच्या हातून उतरला आहे, आणि तो उतरवून ठेवल्यावर अवघ्या अडीच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने निलगिरीच्या डोंगरावर देह ठेवला.

गुडविनचा जन्म २० सप्टेंबर १८७० रोजी इंग्लंडमधील बाथ शहराजवळच्या बॅथीस्टन या गावी झाला. बाथ हे उन्हाळ्यांचे, म्हणजे उष्णोदकाच्या झऱ्यांचे, रोमन काळापासून प्रसिद्ध असलेले शहर. परंतु गुडविनच्या चरित्राच्या दृष्टीने त्या शहराचे दुसरे एक वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. लघुलिपीचा जनक म्हणून ज्यांचे नाव जगभर झाले, ते सर आयझॅक पिटमन याच शहरात अनेक वर्षे राहत होते. १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पद्धतीचा प्रसार ते तेथूनच करीत. गुडविनचे वडीलही लघुलेखक असून अनेक वृत्तपत्रांचे संपादक होते. तेव्हा लघुलेखन आणि पत्रव्यवसाय हे दोन्ही त्या मुलाला घरातच मिळाले. लहान वयातच तो वर्तमानपत्राच्या कामाला लागला. पुढे १८९३ च्या सुमारास स्वतःच्या हिमतीवर केलेला असा एक उद्योग फसला, तेव्हा नशीब काढण्यासाठी तो घराबाहेर पडला आणि ऑस्ट्रेलियाचा प्रवास करून अखेर अमेरिकेत येऊन पोहोचला. घरी आई होती. खिशात फारसे काही नव्हते. पण बोटांत विद्या होती.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकानंदांच्या शिष्यवर्गापुढे एक अडचण उभी होती. १८९३ च्या सप्टेंबरातील शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेनंतर स्वामीजी अमेरिकेत गावोगाव बोलत होते. परंतु ते लिहून आणलेले व्याख्यान वाचीत नसत, टिपणेही जवळ ठेवीत नसत. उभे राहावे, डोळे क्षणभर मिटावे आणि बोलू लागावे, अशी त्यांची रीत. परिणामी पहिल्या दोन वर्षांत ते जे काही बोलले, त्यांपैकी बरेचसे आज केवळ स्थानिक वृत्तपत्रांच्या त्रोटक वृत्तांतांतून शिल्लक आहे. आणि ते वृत्तांत लिहिणारांना ब्रह्म व ब्राह्मण यांतील भेदही पुष्कळदा कळलेला नसे. १८९५ च्या उन्हाळ्यात सहस्रद्वीपोद्यानातील संभाषणे कुमारी वॉल्डो या शिष्येने साध्या लिपीत जमेल तशी टिपून घेतली, म्हणून ती वाचली. एरवी सारे हवेत विरून जात होते.

पुण्याच्या श्रोत्यांना याचा प्रत्यय घरच्याच उदाहरणावरून येईल. १८९२ साली मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या आगगाडीत लोकमान्य टिळकांची एका अपरिचित संन्याशाशी गाठ पडली, आणि तो संन्यासी आठदहा दिवस विंचूरकरांच्या वाड्यात टिळकांच्या घरी राहिला. गीता, वेदांत, कर्मयोग यांवर त्या दोघांत काय बोलणे झाले असेल! परंतु ते टिपून घेणारे कोणी नव्हते. टिळकांनी पुढे सांगितलेल्या चार आठवणींपलीकडे त्या सहवासाचे काहीही उरलेले नाही.

डिसेंबर १८९५ मध्ये स्वामीजी इंग्लंडहून न्यूयॉर्कला परतले व एकोणचाळिसाव्या रस्त्यावरील एका घरात त्यांनी वर्ग सुरू केले. यावेळी शिष्यांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन लघुलेखक शोधला. आधी नेमलेल्या दोघांना स्वामींच्या वाणीचा वेग झेपला नव्हता, आणि विषयही समजला नव्हता. तिसरा आला तो गुडविन. तेव्हा त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते.

लघुलेखनाचे काम बाहेरून दिसते तितके यांत्रिक नाही. पिटमनच्या पद्धतीत व्यंजनांसाठी रेषा असतात. ज्या दोन व्यंजनांचा उच्चार एकाच स्थानी होतो, त्यांना एकच रेषा, अघोषाला बारीक आणि घोषाला जाड. म्हणजे आपल्या वर्णमालेतील क व ग, त व द यांची जोडी त्या साहेबाने रेषेच्या जाडीने दाखविली आहे. स्वर ठिपक्यांनी दर्शवितात, आणि वेग वाढला की ते गाळूनच टाकतात. अशा लिखाणाचे पुनर्लेखन लगेच, म्हणजे कानात आवाज ताजा आहे तोवर, करावे लागते. नाहीतर ज्याचे त्यालाही आपले लिहिलेले लागत नाही. नित्याच्या इंग्रजी भाषणात संदर्भाने शब्द ओळखता येतो. पण ज्या भाषणात मधूनच आत्मा, माया, प्राण, संस्कार असे शब्द येतात, उपनिषदातील वाक्य मूळ संस्कृतात उद्धृत होते, तेथे संदर्भ तरी कशाचा लावणार? लेखनिकाने विषयात शिरल्यावाचून गत्यंतर नसते. गुडविन विषयात शिरला, आणि तेथून परत बाहेर आला नाही.

आठवडा दोन आठवडे गेले असतील नसतील, त्याने मेहनताना घेण्याचे नाकारले. स्वामीजी आपले सारे आयुष्य देत आहेत, तेव्हा आपण निदान आपली सेवा तरी द्यावी, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. अशी वाक्ये भावनेच्या भरात पुष्कळजण बोलतात. गुडविनच्या बाबतीत विशेष हा, की त्यानंतर त्याचा दिनक्रम त्या वाक्याप्रमाणे चालला. दिवसा वर्गात व व्याख्यानात बसून टिपावे, रात्री जागून त्याचे टंकलेखन करावे, सकाळी मुद्रणासाठी प्रत तयार ठेवावी आणि पुन्हा वर्गाला हजर व्हावे. १८९५-९६ च्या हिवाळ्यातील कर्मयोगावरील व्याख्याने त्याने अशीच उतरविली, आणि १८९६ सालीच त्यांचे पुस्तक निघाले. भक्तियोगावरील वर्गांचे तसेच. राजयोगातील पातंजल सूत्रांवरील विवरण मात्र कुमारी वॉल्डो यांच्या हातचे आहे, हे येथे न्यायासाठी सांगितले पाहिजे. मार्च १८९६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील पदवीधरांच्या तत्त्वज्ञानसभेपुढे स्वामीजी वेदांतावर बोलले, तेव्हाही हा जोडीला होताच.

लेखनाबरोबर इतर कामेही आपोआप त्याच्याकडे आली. सामानाची बांधाबांध, पत्रव्यवहार, छापखान्याकडे हेलपाटे, तिकिटे, भेटीच्या वेळा, हे सारे तो पाहू लागला. लेखनिकाचा खाजगी चिटणीस झाला, चिटणिसाचा सेवक झाला आणि सेवकाचा शिष्य. स्वामींच्या पत्रांतून त्याचा उल्लेख विश्वासू गुडविन असा येतो. कार्यालयीन व्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ठाऊक असते, की हुशार चिटणीस मिळणे अवघड नाही. जो आपल्या नावाचा आग्रह न धरता दुसऱ्याचे काम स्वतःचे मानून करील, असा माणूस दुर्मिळ. आणि अशा माणसाला सहसा बढती मिळत नाही, कारण त्याला त्या जागेवरून हलविणे कोणालाच परवडत नाही.

१८९६ च्या वसंत ऋतूत स्वामीजी लंडनला आले व गुडविनही तेथे आला. सेंट जॉर्जेस रोडवरील घरात त्या उन्हाळ्यात मोठे विलक्षण बिऱ्हाड जमले होते. स्वामीजी, त्यांचे गुरुबंधू शारदानंद, धाकटे बंधू महेंद्रनाथ आणि हा इंग्रज तरुण. महेंद्रनाथांनी पुढे त्या दिवसांच्या आठवणी बंगालीत लिहिल्या. त्यांतून गुडविनच्या मोकळ्या, विनोदी स्वभावाचे दर्शन घडते. हा विरक्तीचा मुखवटा धारण केलेला गंभीर शिष्य नव्हता. तो थट्टा करी, थट्टा करून घेई, नव्याने आलेल्या परदेशी पाहुण्यांना लंडनच्या चालीरीती समजावून सांगे. परंतु व्याख्यानाची वेळ झाली की त्याची पेन्सिल तयार असे. मायावादावरील स्वामींची प्रसिद्ध व्याख्याने आणि नोव्हेंबर १८९६ मधील व्यावहारिक वेदांतावरील चार व्याख्याने ही या लंडनच्या मुक्कामातील होत. ज्ञानयोग या नावाने जो ग्रंथ आज ओळखला जातो, त्याचा बराच भाग या व्याख्यानांचाच आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने या ग्रंथाची तुलना स्वामींच्या पूर्वीच्या वृत्तपत्रीय वृत्तांतांशी अवश्य करून पाहावी. वक्ता तोच आहे, विचारही पुष्कळसे तेच आहेत. पण एकीकडे वाक्य पुरे होते, त्याचा श्वास ऐकू येतो, एक विचार दुसऱ्यात कसा मिसळत गेला ते दिसते. दुसरीकडे केवळ निष्कर्षांचे तुकडे हाती येतात.

त्या वर्षाच्या अखेरीस स्वामीजी स्वदेशी निघाले. कॅप्टन सेव्हियर व त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. गुडविन नेपल्सच्या बंदरावर येऊन त्यांना मिळाला. ३० डिसेंबरला जहाज सुटले आणि १५ जानेवारी १८९७ रोजी कोलंबोला लागले.

यानंतरचे काही आठवडे लघुलेखकाच्या कसोटीचे होते. न्यूयॉर्क व लंडन येथे बंद दिवाणखान्यात शांत श्रोते असत. येथे हजारोंचे लोट, वाद्ये, पुष्पवृष्टी, मानपत्रे, आणि उन्हाळा नसतानाही अंगाची लाही करणारी दक्षिणेची हवा. अनुराधपूरला तर एका जमावाने घंटा-ढोल बडवून व्याख्यानच चालू दिले नाही. २६ जानेवारीला स्वामीजी पांबन येथे भारतभूमीवर उतरले, तेव्हा रामनाडचे राजे भास्कर सेतुपती यांनी स्वतः इतर लोकांबरोबर त्यांची गाडी ओढली. रामनाड, परमकुडी, मानमदुरा, मदुरा, कुंभकोणम असा मुक्कामामागून मुक्काम होत होता, आणि प्रत्येक ठिकाणी मानपत्राला उत्तर होते. उत्तर म्हणजे चार औपचारिक वाक्ये नव्हेत. निद्रिस्त राष्ट्राला उद्देशून केलेले आवाहनच. मद्रासला सार्वजनिक सत्काराच्या दिवशी सभागृहाबाहेर एवढी गर्दी लोटली, की स्वामीजी उघड्या जागी येऊन एका गाडीवर चढले आणि आजचे भाषण गीतेच्या पद्धतीने रथावरून होत आहे असे विनोदाने म्हणाले. त्या कोलाहलात फार बोलता आले नाही. परंतु जे बोलले गेले ते आज वाचावयास मिळते. गाडीच्या आसपास दाटीवाटीत कुठे तरी उभा राहून हा इंग्रज वही सावरीत होता, म्हणूनच ते मिळते.

मद्रासच्या नऊ दिवसांतील व्याख्याने, पुढे कलकत्त्यातील सत्काराचे उत्तर व वेदांतावरील भाषण, आणि नंतर हिमालयाच्या पायथ्याकडील प्रवास, हे सर्व मिळून कोलंबो ते अल्मोडा या नावाचा व्याख्यानसंग्रह झाला आणि १८९७ सालीच मद्रासहून प्रसिद्धही झाला. भारताच्या नवजागृतीच्या इतिहासात या पुस्तकाचे स्थान काय आहे, हे नव्याने सांगावयास नको. पुढच्या पिढीतील किती तरी क्रांतिकारकांच्या आणि लोकसेवकांच्या उशाखाली ते सापडत असे. त्या पुस्तकाला आकार देणारा हात मात्र राज्यकर्त्या जातीच्या माणसाचा होता.

यातील विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. १८९७ हे वर्ष मुंबई इलाख्यात प्लेग आणि दुष्काळ यांचे वर्ष. पुण्यात त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. गोरा माणूस व काळा माणूस यांच्यामधील दरी रुंदावत होती. पुढे १९१६ साली टिळकांची बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणे पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपली आणि त्यांवरून खटला उभा राहिला. विद्या तीच, रेषा त्याच. पण तेथे वक्त्याला अडकविण्यासाठी त्या ओढल्या गेल्या. गुडविन मात्र या सुमारास कलकत्त्याच्या मठात भारतीय संन्याशांबरोबर राहत होता. त्याने ब्रह्मचर्यव्रत घेतले होते, मांसाहार सोडला होता, जमिनीवर निजत होता, हाताने जेवत होता. मठाची स्थिती तेव्हा ओढगस्तीची होती. साहेबी जगात अशा माणसाची काय संभावना होत असेल याची कल्पना करता येते. तथापि त्याने त्याची तक्रार केलेली दिसत नाही. मे १८९७ मध्ये स्वामीजी अल्मोड्याला गेले, तेव्हा गावाबाहेर त्यांच्या स्वागताला आलेल्या मंडळीत गुडविन होता. तो आधीच तेथे जाऊन पोहोचला होता.

एका गोष्टीकडे चरित्रकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. निःस्वार्थ सेवकालाही पोट असते. गुडविन वेतन घेत नसे; त्याचा खर्च स्नेही मंडळींवर पडे, आणि दूर इंग्लंडमध्ये त्याची आई होती. स्वामींचे व्याख्यानांचे पर्व ओसरत चालले होते. मठाची उभारणी, दुष्काळ व प्लेग यांतील सेवाकार्य यांकडे त्यांचे लक्ष वळले होते. ज्याचे सारे आयुष्य एका माणसाचे बोलणे टिपण्यात गेले, त्याने तो माणूस बोलेनासा झाल्यावर काय करावे? हा प्रश्न गुडविनपुढे निश्चितच उभा राहिला असला पाहिजे. त्याने त्याचे उत्तर मानी माणसाच्या रीतीने दिले. १८९८ साली तो मद्रासला गेला आणि मद्रास मेल या इंग्रजी दैनिकात नोकरीला लागला. स्वामींपासून तो तुटला असा याचा अर्थ नव्हे. ज्यांनी स्वामींना अमेरिकेला पाठविण्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, त्या अळसिंग पेरुमाळ यांची मंडळी मद्रासलाच होती. ब्रह्मवादिन आणि प्रबुद्ध भारत ही दोन्ही नियतकालिके तेथूनच निघत.

त्या वर्षीचा उन्हाळा या मंडळींना फार वाईट गेला. १३ मे रोजी प्रबुद्ध भारतचे संपादक राजम अय्यर वारले. तमिळ साहित्यात कमलाम्बाळ चरित्रम् या कादंबरीमुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते हेच. त्यांचे वय सव्वीस वर्षांचे. आणि तीन आठवड्यांच्या आत गुडविन गेला.

मद्रास सरकार उन्हाळ्यात उटकमंडला जात असे. वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून गुडविनही तेथे गेला होता. निलगिरीची थंड हवा, युकॅलिप्टसची झाडे, इंग्लंडची आठवण करून देणारी घरे आणि चर्च. तेथे त्याला विषमज्वराने गाठले. त्या काळी या तापावर हमखास असे औषध नव्हते; शुश्रूषा आणि शरीराचा जोर, एवढ्यावरच सारी भिस्त. उष्ण प्रदेशातील दीड वर्षाच्या वास्तव्यानंतर तो जोर फारसा उरला नसावा. २ जून १८९८ रोजी त्याचा अंत झाला. अखेरपर्यंत तो स्वामींविषयी बोलत होता, त्यांची भेट व्हावी म्हणून तळमळत होता.

स्वामीजी त्या वेळी दीड हजार मैल दूर, अल्मोड्याला होते. भगिनी निवेदिता, श्रीमती सारा बुल आणि कुमारी मॅक्लाउड या शिष्या तेथे आल्या होत्या. तार आली ती उशिराच. ५ जूनला संध्याकाळी स्वामीजी काही दिवसांचा एकांतवास संपवून परत आले, तेव्हा घरात ही बातमी कळलेली होती, पण त्यांना कळलेली नव्हती. ते गाझीपूरच्या पवहारीबाबांच्या निधनाविषयी बोलत बसले. त्या संतावर त्यांची फार श्रद्धा होती. एक शोक समोर बसून बोलत असता दुसरा शोक कसा सांगावा? त्या रात्री कोणालाही तोंड उघडण्याचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सांगण्यात आले.

यानंतरच्या दिवसांचे निवेदितांनी केलेले वर्णन वेदांताच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. प्रथम स्वामीजी शांत राहिले. मग म्हणाले की आपला उजवा हात गेला. आणखी एकदोन दिवसांनी ते ती जागा सोडण्याची इच्छा बोलू लागले. त्या घरात वारंवार गुडविनची आठवण येते म्हणाले. लगेच स्वतःवरच रागावले. स्मृतीने असे व्याकूळ होणे म्हणजे पशुत्वाचेच लक्षण, ही भ्रांती जिंकली पाहिजे, मेलेले आपल्याजवळच आहेत हे जाणले पाहिजे, असे त्यांनी स्वतःला बजावले. आणि मग पुन्हा उसळून म्हणाले, की हे जग एखादा सगुण ईश्वर चालवीत असेल तर गुडविनला मारल्याबद्दल त्या ईश्वराशी भांडण्याचा माणसाला हक्क नाही काय? तो जगता तर अजून किती करता!

ज्यांनी आत्म्याच्या अमरत्वावर शेकडो व्याख्याने दिली आणि ज्यांची ती व्याख्याने याच तरुणाने टिपून घेतली, त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. यात काही विसंगती आहे असे ज्याला वाटेल, त्याने ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतरचे नामदेवांचे अभंग आठवावेत. तेथेही ज्ञान कमी पडलेले नाही.

स्वामींनी गुडविनच्या मृत्यूनंतर त्याच्याविषयी जाहीरपणे जे लिहिले त्याचा आशय असा, की माझ्या विचारांपासून ज्यांना काही लाभ झाला असे वाटते त्यांनी हे जाणावे, की त्यांतील जवळजवळ प्रत्येक शब्द गुडविनच्या अथक आणि निःस्वार्थ परिश्रमांमुळे प्रकाशात आला आहे. त्याचे ऋण फिटणे नाही. शब्दांच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या माणसाचे हे वाक्य आहे, आणि जवळजवळ हा शब्द त्यात विचारपूर्वक घातलेला आहे. याखेरीज त्यांनी इंग्रजीत एक छोटी कविता रचली आणि ती बॅथीस्टनच्या त्या शोकाकुल आईकडे पाठविली. गुडविनच्या आईने आपल्या मुलाच्या या गुरूला कितपत जाणले होते कोणास ठाऊक. परंतु मुलगा परक्या देशी परक्यांत मेला नाही, एवढे तरी तिला त्या कागदावरून कळले असेल.

प्रबुद्ध भारत ऑगस्ट १८९८ पासून अल्मोड्याहून पुन्हा निघू लागले. स्वरूपानंद संपादक झाले, व्यवस्था कॅप्टन सेव्हियर यांनी पत्करली. काम थांबले नाही. पण जी जागा रिकामी झाली, ती मात्र भरून निघाली नाही, हे पुढील वर्षीच दिसून आले. जून १८९९ मध्ये स्वामीजी दुसऱ्यांदा पश्चिमेकडे निघाले. १९०० साली त्यांनी कॅलिफोर्नियात भरपूर व्याख्याने दिली. त्या वेळी त्यांची वाणी अधिक प्रगल्भ झाली होती असे ऐकणारे सांगत. बरोबर गुडविन नव्हता. सान फ्रान्सिस्कोत आयडा अन्सेल नावाच्या एका नवशिक्या तरुणीने काही भाषणे लघुलिपीत टिपली. परंतु स्वामींचा वेग आपल्याला गाठता आला नाही, वाक्ये अपुरी राहिली, अशा संकोचाने ती टिपणे तिने वर्षानुवर्षे तशीच जपून ठेवली. आणि वृद्धपणी, चाळीसहून अधिक वर्षांनंतर, ती उलगडून लिहून काढली. आज ती छापील रूपात पाहावयास मिळतात. वाक्याच्या मध्येच जागोजाग ठिपके आहेत; जे शब्द निसटले, त्यांच्या त्या खुणा.

स्वामीजी ४ जुलै १९०२ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता गेले. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे प्रकाशन १९०७ साली मायावतीहून सुरू झाले.

उटकमंडच्या सेंट थॉमस चर्चच्या आवारात गुडविनचे दफन झाले. तेथे १९६७ साली त्याचे स्मारक उभारण्यात आले, आणि त्याच्या आईला पाठविलेली ती कविता आता त्या ठिकाणी कोरलेली आहे.